फ्लॉरेन्सची तळमजल्याची खोली

हॅलो? … हां स्मिता, बोल. … नाही गं, भाजी निवडत होते. … पाहिली तुझी मेल, फ्लॉरेन्सच्या खोल्यांची. …

छान आहे, पण तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून न्यायचं, आणि जिने चढवायचे? … ती नदीजवळची? अगं बाथरूम कॉमन आहे. आईला चालेल का? …

कुठली तिसरी? … तळमजला. … स्वतःची बाथरूम. … बरं, पण नाश्त्याला नुसता गोड पाव आणि कॉफी. बाबांना सकाळी गरम लागतं. … विचारलंस? घरमालकिणीला? … स्वयंपाकघर वापरा म्हणाली? पोह्यांच्या फोडणीला पण? …

नाही, खुसपट नाही काढत. … नाही गं …

कोण खोकलं? निखिल. घरीच आहे. … सुट्टी आहे ना आज. रविवार नाही का. …

हो. … हो, दुबईत आमची सुट्टी शुक्रवार-शनिवार. … रविवारी फोन करू नकोस, ऑफिसची गडबड असते, मीच सांगते तुला. माहितीय. …

स्मिता, ऐक ना. आमची खोली नको बुक करूस. … व्हिसाला कंपनीचं पत्र लागतं. कोण देणार? … नोकरी गेली निखिलची. … डिसेंबरात. टॉवरचं कामच थांबलं. खलास. …

लाज वाटली गं. मीच मिरवलं ना, दुबईची मोठी लेक नेणार म्हणून? बाबांनी सगळ्या सोसायटीला सांगितलं. मग काय करणार, एकेका खोलीत खोट काढत बसले. … मंदी सगळ्यांनाच आहे, कळतं मला. पण कुठल्या तोंडानं सांगू? … महिनाअखेर इथलं सगळं आवरून कायमचं घरी परत यायचंय. सृष्टीलाही सांगितलं नाही. रोज विचारते, 'मम्मा, व्हेन आर वी गोइंग टु इटली?' …

हे बघ, बाबांना एवढ्यात बोलू नकोस. मी हळूहळू … काय? … स्पीकरवर? … कधीपासून? …

बाबा. … हो. … नाही, रडत नाहीये. … चुकलं बाबा. आधी तुम्हालाच सांगायला हवं होतं. … निखिल? इथेच आहे, समोर. मघापासून मेथीच निवडतोय. … मान वर करत नाहीये हो. … बरं, सांगते. …

निखिल, ऐक. बाबा म्हणतायत, एअरपोर्टवर गाडी घेऊन ते स्वतः येणार. … काय, बाबा? … पुढच्या सीटवर तू बसायचंस म्हणतायत. जावई पुढे, नेहमीसारखा. …

थांबा बाबा, ठेवू नका. उठलाय तो. हात पुसतोय. … घे ना रे. … बाबा? … स्मिता? … हॅलो? …

कट झाला. … राहू देत हात ओले. तूच लाव आता.