सारखे तीन दिवस

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या शिवणवाल्या बाईंच्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात बोलत होते. आजोबांच्याही डोळ्यांत थेंब असावेत.

"काय टकटक चाललीय गं?"

"लूप लिहितेय, आजोबा. आर नावाची आकडेमोडीची भाषा आहे. एका दिवसाचं काम एकदाच सांगायचं, मग कॉम्प्युटर तुमच्या हवामानाच्या वह्यांतल्या प्रत्येक दिवसाला तेच करत जातो."

"म्हणजे माझ्यासारखंच. सकाळी उठा, पारा बघा, लिहा. एकतीस वर्षं."

"कंटाळा नाही यायचा?"

"छे! झोपेतसुद्धा तापमापकापर्यंतच्या त्या पायवाटेनं जाऊन यायचो. पारा दिसायचा, आकडा तेवढा दिसायचा नाही."

"आजोबा, इथे ओळीनं तीन दिवस एकच आकडा आहे. अगदी दशांशासकट. लूपनं पकडलं."

"कुठला महिना?"

"आईच्या जन्माचा."

"असणारच. इतक्या वर्षांत एकाही साहेबाला दिसलं नाही ते. घरात बसून लिहिले गं ते आकडे. सातव्या महिन्यातच झाली तुझी आई, ओंजळीत मावेल एवढी. जरा खाली ठेवली की गार पडायची. तीन दिवस छातीशी धरून बसलो होतो."

"मग हे खोटे?"

"साफ खोटे. खोडून टाक."

"नुसतं खोडून नाही चालत. तिथे 'माहीत नाही' असं लिहावं लागतं."

"लिही की. बाहेरचं माहीत नाही म्हणावं."