आखणीच्या वेळची शांतता

पेणच्या एसटी स्टँडवर मालू रोह्याच्या गाडीची वाट बघत होती. बाजूच्या दोन कॉलेजच्या पोरी एकमेकींना पॉडकास्ट सुचवत होत्या.

“भुताचं ऐकलंस काय?”

“ऐकलं, झोप आली. तू ‘कारखान्यातल्या गप्पा’ ऐक. हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यातल्या हायत.”

“लावलं होतं गो. मधीच आवाज गेला, म्हणून बंद केलं.”

“आवाज नाय गेला. तिथं बाप्पाचे डोळे आखतात. तेव्हा कारखान्यात कोण बोलत नाय, नुसता पंखा ऐकू येतो.”

“मग तेवढं कापायचं ना.”

“येडी हायस काय? सगळ्यात भारी तेच हाय. शेवटी एक बाई हळूच बोलते, अंगावर काटा येतो.”

मालूने पदराखाली लपवलेली रंग लागलेली बोटं बाहेर काढून मांडीवर ठेवली.

“मावशी, तुम्ही पण ऐका.” पोरीने तोच भाग लावून एक इअरफोन तिच्या हातात दिला.

मालूने तो कानाला लावला. पंखा फिरत होता. बाई बोलायच्या आधीच मालू बोलली,

“बघायला लागला.”

फोनातली बाई मागून तेच बोलली.

“मावशी, हा तर तुमचाच आवाज.”

“मग? डोळेपण मीच आखलेत.”