अर्धं पोतं गवऱ्या अन् नेपाळ

...अन् वरून लोकं मलेच विचारते! "काय शेषरावभाऊ, तुम्ही नाही गेलते काय हो नेपाळले?" अरे बावा, गेलतो ना! त्याच बसमधी होतो! किसनराव खिडकीजवळ अन् मी त्याच्या बाजूले, बारा दिवस खांद्याले खांदा लावून! पन नाही... आता साऱ्या मोताळा तालुक्यात नेपाळ पाहून आला तो एकटा किसनराव, अन् मी कोन? मी त्याचा साडभाऊ! बस, एवढीच माही ओळख राह्यली! मी जळत नाही बरं का. तुम्हाले सांगतो, जळण्याचा आपला स्वभावच नाही. जे झालं ते नुसतं सांगून राह्यलो.

आता तुम्ही म्हनसान, हा शेषराव कोन लागून गेला? मंग ऐका. धामणगाव बढे ते रोहिणखेड, मधातल्या कोनाच्याही शेतात रोडग्याचा कार्यक्रम असो, कणकीचे गोळे गवऱ्यांच्या आरात टाकले की सारे माह्या तोंडाकडं पाह्यते. "शेषरावभाऊ, झाले काय?" म्या म्हनलं 'थांबा', की थांबते. म्या म्हनलं 'काढा', की काढते. तीस वर्सं झाले! अन् माहं वरण... आपल्याच तोंडानं काय सांगू? सांगतोच! लग्न ठरलं की पोरीचा बाप पहिला फोन मले करते, मंग भटजीले. अशी आपली इज्जत होती. होती, म्हनून राह्यलो मी, ध्यानात घ्या!

तर झालं काय, गहू-हरभरा घरात आला अन् चौतीस जणांची बस ठरली. पशुपतिनाथ, पोखरा, मुक्तिनाथ. पहिली बैठक आमच्याच ओसरीवर. देव किती, डोंगर किती, थंडी किती, कोनी काही विचारलं नाही! साऱ्यायचा एकच सवाल, "तिथं खायाचं काय?" किसनरावची बायको कलाबाई, म्हनजे माह्या बायकोची मोठी बहीण, ते त डोळ्याले पदर लावून, "परमुलखात काय खाऊ घालतीन माय, कोनाले ठाऊक! उपाशी मरू आपण!" अन् मले काय अवदसा आठवली, म्या छाती ठोकून सांगतलं, "घाबरू नका! मी हाये ना! एकाही माणसाच्या पोटात परका घास जाऊ देनार नाही!" टाळ्या वाजवल्या ना लोकायनं! किसनरावनंही वाजवल्या. सगळ्यात जोरात त्यानंच वाजवल्या, हे आता आठवते मले.

मंग काय! क्विंटलभर कणीक, तीस किलो तुरीची डाळ, कळण्याचं पीठ, दोन डबे ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दशम्यायची चळत, मोठा गंज, शेगडी, अन्... अर्धं पोतं गवऱ्या. हासू नका! मुक्तिनाथले रोडग्याचा नैवेद्य दाखवायचं मनात होतं माह्या. बॉर्डरवर जवानानं पोतं सोडलं, एक गवरी उचलली, उलटी केली, वास घेतला. "ये क्या है?" म्या म्हनलं, "उपला है साहब." तो माह्या तोंडाकडं पाहून राह्यला. "नेपाल में गाय नहीं है क्या?" आता त्याले काय समजावू? गवरी-गवरीत फरक असते! कडबा-कुटार खाल्लेल्या गाईची गवरी, तिची आच कशी मंद, सारखी... जाऊ द्या. सारी बस हासली. किसनराव त हासून हासून सीटवरून घसरला.

तिथून पुढं रोज तेच. बस थांबली की मी उतरून शेगडी मांडतो, डाळ धुतो, लसूण सोलाले चार बाया बसवतो, अन् किसनराव? गायब! "जरा पाय मोकळे करून येतो, साडभाऊ." अन् घंट्याभरानं येते मिशा पुसत. एकदा आला त हातात बांगडीएवढं काहीतरी, लालसर, गोल. "सेल रोटी म्हन्ते हिले! तांदूळ भिजवून वाटते, गूळ-साखर घालते, तुपात की तेलात गोल सोडते... वरून कुरकुरीत, आतून मऊ. घ्या, साडभाऊ!" म्या म्हनलं, "ठेवा तिथं, माहे हात कणकीचे हायेत." हात धुऊन येईपर्यंत कलाबाईनं खाल्ली ना ते! जे बाई परका घास खानार नव्हती तिनं! मी जळलो काय? बिलकुल नाही. वरणाले फोडणी दिली.

दुसऱ्या दिवशी कोणत्या तरी खेड्यात कोनाच्या घरात शिरला. ओळख ना पाळख! आला त सांगते, "गुंद्रुक खाल्लं!" म्हनलं, हे काय रोग-बिग हाये काय? म्हने, मोहरीचा नाहीतर मुळ्याचा पाला सुकवते, मडक्यात दाबून आंबवते, मंग उन्हात वाळवते, अन् त्याचा आंबट रस्सा. तिसऱ्या दिवशी एका हाटेलवाल्या बाईनं त्याले आंबवलेलं सोयाबीन खाऊ घातलं! सोयाबीन! तुम्हाले सांगतो, आपल्याकडं सोयाबीन पान्यात सापडून सडलं त आपण तलाठ्याले पंचनाम्याले बोलावतो, अन् हा माणूस तेच बोटं चाटून खाते, वरून मले सांगते, "लय चवदार साडभाऊ, वास तेवढा सोसाले पायजे!" अन् मुक्तिनाथच्या रस्त्याले लागलो, तिथं त ढिंडो! फापराचं पीठ म्हने, उकळत्या पान्यात, लाकडी दांड्यानं घोटत राह्यचं घट्ट होईपर्यंत. फापर म्हनजे कुट्टू, हेही या माणसाले तिथं जाऊन समजलं! अन् ढिंडो चावाचा नाही म्हन्ते, बोटानं तोडायचा, रश्श्यात बुडवायचा, गिळायचा. अरे बावा, हा त आपला ज्वारीचा घाटा झाला! माह्या मायनं घाटा केला की हाच किसनराव म्हने, "पोट दुखून राह्यलं." तिथं बरं दुखलं नाही!

पन एक सांगू? हे कोनाले सांगतलं नाही म्या. एका गावात थांबलो होतो, दगडाचे घरं, छतावर सरपन रचलेलं, वारा असा की टोपी हातात धरावी लागे. मी एका घराच्या भिंतीच्या आडोशाले शेगडी पेटवून राह्यलो. त्या घरातून एक म्हातारी आली. आपली तानाबाई, माही सासू, तिच्याच वयाची. हातात काशाचं ताट, त्यातून वाफा निघून राह्यल्या. ताट माह्यासमोर धरलं, अन् तोंडाकडं हात नेऊन दाखवलं, खा म्हने. वास आला ना मले... तुपाचा, कशाचा तरी आंबट, कशाचा तरी भाजलेला. काय होतं त्या ताटात, मले अजून माहीत नाही! कारण म्या काय केलं? हात जोडले, अन् म्हनलं, "नको माय, आमचं होऊन राह्यलं." म्हातारी जराशी थांबली, अन् मांगून आलेल्या किसनरावनं ते ताट घेतलं. उकिडवा बसला तिथंच उंबऱ्यावर. म्या पाठ केली. वरण ढवळाले लागलो. लय वाईट वाटलं मले, खोटं काऊन बोलू. पन जळलो नाही!

अन् त्याच संध्याकाळी, नववा दिवस होता, डाळच शिजेना! उंचावर पानी उकळते पन डाळ शिजत नाही, हे आपल्याले कोनी सांगतलं होतं? साडेतीन घंटे! आणलेल्या साऱ्या गवऱ्या जाळल्या, रोडग्यायचा नैवेद्य गेला खड्ड्यात. बोटं बधिर, नाकातून पानी, अन् मी गंजासमोर. शेवटी शिजलं. लसणाची फोडणी दिली, बाकीचे तेहतीस लोकं थाळ्या घेऊन अशे तुटून पडले की विचारता सोय नाही. तुम्हाले माहीतच हाये, वाढनारा शेवटी जेवते, आपली रीतच हाये ते. मी वाढत गेलो, वाढत गेलो, अन् पळी गंजाच्या बुडाले लागली. खडखड! संपलं! म्या कोपऱ्यात बसून दशमी खाल्ली. नऊ दिवसांची दशमी. ठेच्यासंगं.

आलो घरी. हप्त्याभरात पाह्यतो त काय, किसनराव जिथं बसन तिथं पंधरा लोकं गोळा! मोताळ्याच्या बाजारात, पानठेल्यावर, तेराव्याच्या पंगतीत, लोकं दुःख सोडून विचारते, "किसनराव, ते ढिंडोचं सांगा ना!" अन् हा डोळे मिटून, आवाज खाली आणून, "अहाहा... काय सांगू तुम्हाले..." अन् मले काय विचारते? "शेषरावभाऊ, तुम्ही काय खाल्लं तिथं?" काय सांगू? दशमी? धामणगावहून तिथपर्यंत गेलो, अन् बारा दिवस धामणगावच खाऊन आलो!

चला, बाहेरचे बाहेरचे. पन घरात? एक दिवस सारं घर आंबूस वासानं भरलं. पाह्यतो त गच्चीवर माही लोणच्याची बरणी, अन् आत दाबून दाबून मुळ्याचा पाला! म्हनलं, "गीता, हे काय?" गीता म्हनजे माही बायको, ते यात्रेले आली नव्हती, घर सांभाळून राह्यली होती. "गुंद्रुक! भाऊजींनी सांगतलं कसं करायचं ते." म्हनलं, "तीस वर्सं माहं वरण खाऊन राह्यली तू, कधी एका शब्दानं विचारलं काय, कसं करता म्हनून?" त म्हन्ते कशी, "वरणात काय विचारायचं? वरण त वरण असते." ...मी जळत नाही. मी गच्चीवरून खाली उतरलो, अन् दोन दिवस बोललो नाही, एवढंच.

आता मागचा रविवार. रोहिणखेडले सासुरवाडीच्या शेतात रोडग्याचा कार्यक्रम. आंब्याखाली मी आर पेटवला, रोडगे टाकले, वरणाचा गंज चढवला, मान वर करून पाह्यतो... कोनीच नाही! तीस वर्सांत पहिल्यांदा माह्या आराजवळ कोनी नाही! सारे विहिरीजवळ, किसनरावच्या भोवती! अन् माही सासू तानाबाई, मधात खाटेवर बसून विचारते, "जवाईबुवा, येवढं सारं खाल्लं तुम्ही, पन खरं सांगा, सगळ्यात चांगलं काय लागलं?"

किसनरावनं डोळे मिटले. मी आपला रोडगे उलटवाच्या निमित्तानं जरा जवळ सरकलो. कारण नसताना सरकलो.

"आत्या," तो म्हने, "नववा दिवस. वारा असा, की कानाची पाळी तुटून पडन. हातात थाळी धरवत नव्हती. अंधार पडत आलेला. अन् त्यात थाळीत आलं... पिवळं, दाटसर, वाफा निघून राह्यलेलं. लसूण असा लालबुंद तळलेला. पहिला घोट घेतला त गळ्यापासून पोटापर्यंत दिवा लागत गेला. माह्या डोळ्यात पानी आलं, आत्या. बायकोपासून लपवलं म्या. मायची आठवण आली." बाया-पोट्टे ओठावरून जीभ फिरवून राह्यले. माह्याही तोंडाले पानी सुटलं, खोटं काऊन बोलू! म्हनलं, लेका, हे कुठी खाल्लं यानं, अन् मी कुठी मेलो होतो? गीतानं पुढं सरकून विचारलं, "काय म्हन्ते हो त्याले, भाऊजी?"

किसनरावनं डोळे उघडले, माह्याकडं बोट केलं, अन् म्हने, "साडभाऊचं वरण."

तुम्हाले सांगतो... साऱ्यायच्या माना एकदम फिरल्या! माह्याकडं! तानाबाई उठून बसली. पोट्टे किसनरावले सोडून माह्याभोवती आले. मांग रोडगे करपून राह्यले होते, वास येऊन राह्यला होता, कोनाले शुद्ध नाही, मलेही नाही! अन् गीता... तीस वर्सांत पहिल्यांदा, सगळ्या माहेराच्या समोर, पदर सावरून, माह्या डोळ्यात पाहून विचारते, "अहो, मले काऊन नाही सांगतलं तुम्ही? सांगा ना... कसं लागलं हो ते वरण तिथं?"

जिच्यासाठी महिनाभर तडफडलो, ते घडी आली! सारे कान टवकारून बसलेले! अन् सांगू काय? पळी गंजाच्या बुडाले लागली ती खडखडच तेवढी मले माहीत! म्या एक करपलेला रोडगा उचलला, त्याची राख झटकली, अन् म्हनलं, "ते... किसनरावलेच विचारा."

अन् सांगतलं ना त्यानं! पाऊण घंटा सांगतलं! मीही बसलो मंग खाली, पोट्ट्यायच्या रांगेत. लय भारी झालतं म्हन्ते बावा ते वरण!