काळ्या दगडाचा पत्ता

पांढरकवड्याच्या एस.टी.त मथुरा पाटलीण तोंडावर पदर ओढून बसली होती. डोळे खिडकीबाहेर, कान मात्र मागच्या बाकावर. तिच्याच गावची दोघं बोलत होती.

“नेमसिंगभाऊ, खनिजवाल्यांच्या परिषदेले नागपूरले गेलते म्हणे?”

“गेलतो ना! माह्या विहिरीतला काळा दगड बाजारात दाखवला, तं खाणीच्या एका साहेबानं मलेच उचलून नेलं. तीन दिवस नुसती भाषणं, अन् सारे साहेब एकमेकाले नावाच्या चिठ्ठ्या वाटून राह्यलते.”

“तुमी काय शिकले?”

“जिथं दगड सापडते, तिथलं वावर खाणीत जाते. पहिल्याच दिवशी शिकलो.”

“मंग विहिरीचा पत्ता?”

“तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर इचारला. मी पाटलाच्या वावराचा देल्ला.”

“काहून?”

“पाटलाले लय हौस हाय ना, साहेबलोकाईशी वळख व्हावी म्हणून!”

पाटलीणबाईनं पदर मागं सारला आणि हळूच वळून पाहिलं.