पाली येथील पिल्लांच्या शेडमधील दोन कॉइलबाबत जबाब

दिनांक २२ जानेवारी २०१६, सकाळी ११.१०

नाव धर्मराज गणपत ओव्हाळ, वय ६१ वर्षे, धंदा – सेवानिवृत्त वायरमन निदेशक (आयटीआय), राहणार पाली, ता. जि. बीड.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. मला कोणी बोलावलेले नाही. चतुराबाई सटवा उजगरे यांना आज चौकशीला बोलावल्याचे कळले, म्हणून आलो.

आमच्या गावी महिलांची कुक्कुटपालन सहकारी संस्था आहे. दुष्काळात कोंबड्यांना गुरांएवढे पाणी लागत नाही, म्हणून ती दोन वर्षांपूर्वी काढली. शेडची देखभाल चतुराबाई करतात. दरवर्षी त्या नवऱ्यासोबत ऊसतोडीला जात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. यंदा शेडचे काम मिळाल्याने त्या पहिल्यांदाच गावी थांबल्या आणि सटवा अर्धा कोयता म्हणून एकटा गेला.

पिल्लांना ऊब देण्यासाठी शेडमध्ये पत्र्याच्या छत्रीखाली एक हजार वॅटच्या दोन कॉइल आहेत. एरवी एकच लावतात. फिटिंग मी केले, त्याचा मोबदला घेतला नाही. बोर्डावर व्होल्टेजचा काटाही मीच बसवला. तळ्याचे पाणी आटल्याने लोकांनी तळ्याच्या पोटात खड्डे घेऊन मोटारी टाकल्या आहेत. पहाटे पाचला थ्री फेज आली की सगळे एकदम बटण दाबतात आणि आमच्याकडे २३० चा काटा ११५ वर येतो, मोटारी थांबेपर्यंत तिथेच राहतो. म्हणून मी शेडच्या भिंतीवर गेरूने ठळक लिहिले होते : "काटा २३० – कॉइल एक. काटा ११५ – कॉइल दोन."

रविवारी, १७ तारखेला, सकाळी सहाच्या सुमारास चतुराबाईंचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, "सर, पिल्लं एका जागी गोळा व्हायलेत. दोनी कॉइली लावल्यात, पण हात धरला तर ऊब लागंना." मी म्हणालो, "भिंतीवर लिहिलंय तसंच केलंय ना? मग झालं. हातानं व्होल्टेज कळत नसतं, बाई." त्या "बरं" म्हणाल्या. मी चहा घेत होतो. उठून गेलो नाही. शेड माझ्या घरापासून चार मिनिटांवर आहे.

सोमवारी, १८ तारखेला, सकाळी तीनशेपैकी दोनशे चौऱ्याऐंशी पिल्ले मेलेली आढळली. दोन्ही कॉइल चालू असून लाल झालेल्या नव्हत्या. ते पाहून संस्थेचे सचिव आप्पाराव यांनी तक्रार दिली की, चतुराबाईंनी चांगल्या कॉइल घरी नेल्या आणि जुन्या, मंद कॉइल लावल्या.

आज त्या दोन्ही कॉइल मी ठाण्याच्या लाइनवर हवालदार व आप्पाराव यांच्यासमोर तपासल्या. व्होल्टेज २१२ होते, करंट चार अँपिअर. २१२ ला चारने भागले की रेझिस्टन्स त्रेपन्न ओहम येतो. दुसरीचाही तेवढाच आला. हजार वॅटच्या कॉइलचा एवढाच असतो. ही तार तापली तरी त्यात फारसा फरक पडत नाही. हवालदार म्हणाले, "सर, ते ओहम-बिहम ऱ्हाऊ द्या. चोरी हाय का न्हाई?" चोरी नाही. कॉइल त्याच आहेत, मी बसवलेल्या.

मग ऊब का नव्हती, असे विचारल्यावरून सांगतो की, वॅट म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. व्होल्टेज अर्धे झाले की त्याच कॉइलमधून करंटही अर्धाच जातो. अर्ध्याचे अर्धे म्हणजे पाव. ११५ ला त्रेपन्नने भागले की करंट सव्वादोनच्या आतच येतो आणि हजार वॅटची कॉइल अडीचशे वॅट देते. दोन लावल्या तरी पाचशे. हजारासाठी चार लागल्या असत्या. मी भिंतीवर दोन लिहिले. हे गणित मी सत्तावीस वर्षे पहिल्याच आठवड्यात मुलांना शिकवले, आणि ज्याचे चुकले त्याला वर्गाबाहेर उभे केले.

चतुराबाईंनी मी लिहिले तसेच केले. त्यांचा हात बरोबर सांगत होता. मी त्यांना हातावर विश्वास ठेवू दिला नाही. पिल्ले माझ्यामुळे मेली.

बुधवारी, २० तारखेच्या पंचनाम्यात भिंत पुसलेली आढळली. पुरावा नष्ट करण्यासाठी चतुराबाईंनी ती पुसली, असे आप्पारावांचे म्हणणे आहे. ते खोटे आहे. सोमवारी दुपारी घरी कागदावर गणित मांडल्यावर माझी चूक मला कळली. चारच्या सुमारास शेडवर जाऊन ओल्या फडक्याने तो मजकूर मी पुसला. लोकांनी तो वाचून मला हसू नये, एवढेच मनात होते. त्या वेळी तेथे कोणी नव्हते. त्यानंतर चार दिवस मी गप्प बसलो, याची मला लाज वाटते.

चतुराबाईंनी पोलिसांना माझे नाव का सांगितले नाही, हे मला माहीत नाही.

माझा जबाब हवालदारांनी माझ्या विनंतीवरून चतुराबाईंच्या समोर मोठ्याने वाचला. त्यांनी एक चूक दाखवली. त्या म्हणाल्या, "कोणी नव्हतं म्हणू नका, सर. मी पान्याची कळशी घेऊन दारात हुबी व्हते. तुमी पुसूस्तोर थांबले अन् मागं गेले." त्यावरून "त्या वेळी तेथे कोणी नव्हते" हे वाक्य रद्द समजावे. बाकीचा जबाब मी सांगितल्याप्रमाणे लिहिला असून तो खरा आहे.

धर्मराज गणपत ओव्हाळ