वाईट कॅमेऱ्याचा फोन

नाही गं, चांगला कॅमेरा कुठल्याचा ते नाही विचारत मी, वाईट कुठल्याचा ते विचारतेय. या निळ्याचा की या करड्याचा? हो, वाईट. हस, हस, माझी काही हरकत नाही, आज मला स्वतःलाच सकाळपासून उगाच हसू फुटतंय, दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेताना फुटलं तर त्या बाईला वाटलं मी तिच्या कमरेला हसले. किंमत दोन्हींची सारखीच आहे ना? ते एक बरं झालं, नाहीतर भावाने किमतीवरूनच निकाल लावला असता. आता सारखीच म्हटल्यावर बघायचं ते एवढंच, की तेवढ्याच पैशांत जास्त कोण देतो. भाऊ म्हणाला, दोन्ही हातात घेऊन नीट बघ, गळ्यात मारतील तो घेऊन येऊ नकोस — तुला नाही गं म्हणाला, तू कुठे काय गळ्यात मारतेयस, तू तर बोलतही नाहीस. नवीनच लागलेली दिसतेस. असू दे, मला न बोलणारी माणसं चालतात. माझं भागतं त्यांच्यात.

निळ्याची बॅटरी जास्त पुरते म्हणालीस ना? म्हणजे बोलत राहिलं तर किती? तसं नाही, गाणी-बिणी नाही, नुसतं बोलायचं. आणि फोन कानाशी गरम होतो का? माझा हा जुना बटणांचा फोन बघ, हा बिचारा गरम होत नाही पण मधेच मान टाकतो, आणि टाकतो तेव्हा नेमकं काहीतरी चाललेलं असतं. बरं, आवाज कसा आहे? तू एक कर, हा निळा घेऊन त्या दारापाशी जा आणि मला या करड्यावर फोन लाव. अगं जा ना, तारेने बांधलाय होय, मग जेवढी तार जाते तेवढी जा. बोल काहीतरी. काहीही. — हं, ऐकू येतंय, पण तसं नाही, हळू बोल. माणूस बोलायच्या आधी जरा श्वास घेतो ना, मनात शब्द शोधत असतो तेव्हा, तो श्वास ऐकू यायला हवा. — येतोय. निळ्यातही येतो का? आता तू हा घे, मी तो घेते. — येतो की. छान. दोन्हीत येतो.

तुला वाटेल, शिंपिणीला श्वास कशाला ऐकायचेत. आमचं शिलाईचं दुकान आहे, भाऊ कापतो आणि मी काज-बटण बघते, म्हणजे बटणं आणायची ती मीच. गिऱ्हाईक कापड टाकून जातं आणि म्हणतं, शोभेल असं लावा, बस. आता शोभेल असं म्हणजे काय, ते बटणवाल्यांना विचारायचं. ते दुसऱ्या गावाला असतात, घाऊक माल, बसने पुडकं पाठवतात. मी त्यांना कधी बघितलेलं नाही. मग फोनवर मी त्यांना कापडाचा रंग सांगते आणि ते त्यांच्याकडच्या बटणांचा सांगतात. आणि नुसता निळा, हिरवा असं नाही हं. नुसत्या निळ्याने काय कळतं? ते म्हणतात, मास्तर — मला मास्तर म्हणतात ते, बाई असले तरी — मास्तर, हा काळा नाही, ओल्या पाटीचा काळा आहे, पाटी वाळत आलेली आहे, कडेने. आता सांग, यापुढे काही विचारायचं राहिलं का? परवा एक तपकिरी होता, तर म्हणाले मुंगीच्या पोटाचा, उन्हातल्या. मी म्हटलं काळी मुंगी की लाल? तर म्हणाले थांबा बघून येतो, आणि फोन तसाच ठेवून खरंच मागच्या अंगणात गेले गं. मुंगी शोधायला. मी इकडे फोन कानाला लावून बसलेली, भाऊ कात्री घेऊन बघतोय माझ्याकडे. आले आणि म्हणाले, एकच सापडली, पळत होती, पण आपलं बटण तिच्यावर गेलंय.

सुरुवातीला असं नव्हतं. सुरुवातीला दोन डझन चार भोकांची, ठेवते — एवढंच. मग ती कुलपाची भानगड झाली. एक लांब कोट होता आमच्याकडे, पिवळट रंगाचा, तर हे म्हणाले माझ्याकडे जुन्या कुलपाच्या रंगाची आहेत, अगदी खुलतील. मी म्हटलं पाठवा. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या कपाटाचं कुलूप, पितळेचं. पुडकं फोडलं तर आत लोखंडी. त्यांच्या गोदामाचं कुलूप लोखंडी आहे ना. माझ्या मनात नुसतं पिवळंधमक बसलेलं, त्यामुळे ती करडी बटणं बघून मला रडूच यायचं राहिलं होतं, गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं. चिडून फोन लावला. चिडायचंच होतं मला, पण ते म्हणाले, तुमचं कुलूप कुठल्या खोलीतलं आहे? आणि मी सांगत बसले. खोली कशी आहे, खिडकी कुठे आहे, कपाटावर ऊन कधी येतं. चिडायचं राहूनच गेलं. बाकी त्या कोटवाल्याला ती बटणं आवडली, हेही सांगायला पाहिजे. अजून तोच कोट घालून जातो दुकानावरून.

तेव्हापासून जरा लांबतं बोलणं. वहिनी म्हणते, बटणं मागवता की घर बांधता? भाऊ काही म्हणत नाही, पण मशीन जोरात चालवतो. आणि भाची, ती सगळ्यांत वाईट. ती म्हणाली, आत्या, एवढं काय बोलायचं त्यात, चांगला फोन घे, कापडाचा फोटो टाक, तिकडून बटणाचा फोटो येईल, तू ओके पाठव, संपलं. संपलं म्हणाली गं. किती पटकन म्हणाली. तिला काय, तिचं सगळं अंगठ्यावर चालतं. मी काही ते मनावर घेतलं नसतं, पण गेल्या आठवड्यात काय झालं — ते स्वतःच म्हणाले. बटणवाले. आधी तो श्वास घेतला, आणि मग म्हणाले, मास्तर, तुम्ही एक चांगला फोन घ्या ना. एवढंच. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि एका पँटचा खिसा शिवून बंद केला. वरून. भाऊ हात घालायला गेला तेव्हा कळलं. अगं, कंटाळले असतील ना. गोदाम एकट्याने सांभाळायचं, त्यात ही बाई मुंग्या शोधायला लावते. बायको गेली त्यांची, बरीच वर्षं झाली — मी विचारलं नव्हतं हं, शिंपल्याच्या बटणांवरून विषय निघाला म्हणून त्यांनीच सांगितलं, मला काय करायचंय. पण माणूस फोन घ्या म्हणतो म्हणजे फोटो पाठवा म्हणतो, आणि फोटो पाठवा म्हणजे बोलू नका. बरोबर ना? मग मी ठरवलं, घ्यायचा. मागितलाय तर घ्यायचा. पण असा घ्यायचा, की त्याच्या फोटोत कुणाला काही कळता कामा नये. मग बोलावंच लागेल ना? काल हे सुचलं तेव्हापासून हसतेय मी.

थांब, मी दोन रिळं आणलीत. ही बघ. सांग यातलं काळं कुठलं आणि गडद निळं कुठलं? कळतंय ना, खिडकीकडे धरलं की कळतं. आता ही इथे काचेवर ठेवते. दोन्ही फोनांनी फोटो काढ. आधी निळ्याने. दाखव — अगं बाई, दोन्ही काळी. ठार काळी. डांबर ओतल्यासारखी. कित्ती छान. आता करड्याने. — हं. हा तर हलकट सगळं सांगतोय. हे निळं, हे काळं, आणि माझ्या नखाशेजारची सुईची टोचसुद्धा दिसतेय. हा नको. हा घेतला तर आमचा एका मिनिटात कारभार आटपेल. निळा दे. बॅटरी जास्त, आवाज स्वच्छ आणि कॅमेरा आंधळा, म्हणजे तेवढ्याच पैशांत जास्त काय देतो? निळाच देतो. भावाला सांगेन, तुलना करून घेतला. बांध.

काय? समोरचा कॅमेरा? समोरच्याचं मला काय करायचंय, मी काय भाचीसारखी ओठ पुढे काढून — बोलताना? हो, माहीत आहे की, ती करते मैत्रिणींशी, चेहरा दिसतो. पण ते पोरीबाळींचं. बटणवाल्यांशी कोण असं — नाही, ते तर आवाज आहेत. म्हणजे माणूसच आहेत, पण मी त्यांना कधी चेहरा लावूनच बघितला नाही. थांब जरा. म्हणजे यात त्यांना मी दिसणार? रिळं दिसली तशी? दाखव बघू, निळ्यात दाखव. — ही कोण? ही मी आहे? चुना लावलाय का हिला? सुरकुत्या कुठे गेल्या माझ्या? आपोआप पुसतो म्हणतेस. बरा आहे की गं. वीस वर्षं उसवून पुन्हा शिवल्यासारखी दिसतेय. आता करड्यात दाखव. — हं. ही मी. चष्म्याच्या खुणा, कानाजवळचे केस, आणि गळ्यात हे काय आहे, टेप? मी टेप घालून रस्त्याने आले? आणि तू मघापासून बघतेयस. बोलायचं ना.

आता सगळा घोळ झाला बघ. मघाशी सोपं होतं. निळा सांगणार नाही आणि करडा लपवणार नाही, आता घेऊ कुठला? पण त्यांना कुठे बघायचंय मला, त्यांना तर बटणांचं — थांब, वाजतोय. माझा जुना. पिशवीत, खडू-कात्रीच्या खाली असेल. हे बघ, तेच आहेत. ही त्यांची वेळ नाही गं. गप्प, तू काही बोलू नकोस. म्हणजे तू बोलतच नाहीस, पण नकोच बोलू.

हॅलो. हो, मास्तरच. — नाही, दुकानात नाही, म्हणजे दुकानातच, फोनच्या. — तुम्ही म्हणाला होतात ना. दोन समोर आहेत, ठरत नाहीये. — हो, फोटो येतात की, छान येतात. पाठवत जाईन मी आता कापडाचे. तुमचाही वेळ वाचेल. — हो ना. — काय? — नको? फोटो नको? — मग मला घ्यायला कशाला सांगितलात?

—

हं. — हं. — नाही, आहे मी, ऐकतेय. — बरं. — संध्याकाळी. — ठेवते.

काही नाही. बघू नकोस अशी. स्टूल दे ते जरा, बसते. — म्हणाले, फोटोचं काय काम, रंग मी सांगतो तसेच सांगेन. म्हणाले, पण मास्तर, तुमचा आवाज कुठल्या चेहऱ्यातून येतो ते मला माहीत नाही, आणि हे तुम्हाला सांगून जमायचं नाही, मलाच बघायला लागेल. बघ आता. दुपारच्या वेळी असं बोलतात का कुणाशी, दुकानात उभं असताना.

करडा दे. हो, करडाच. निळा ठेवून दे, काढ समोरून, उगाच मन होतं. बघायचंच आहे तर खरं बघू दे, नाहीतर इकडे गोरीगुळगुळीत दाखवायची आणि पुढे कधी समोरासमोर आले तर पुन्हा ती कुलपाची भानगड — त्यांच्या डोळ्यांपुढे पितळ आणि पुडक्यातून लोखंड. एकदा झालं तेवढं पुरे. खोका नको, पिशवीत बसत नाही. त्यावरचा प्लॅस्टिकचा कागद राहू दे, घरी काढेन. तो चेहऱ्याचा फोन कसा लावायचा तेवढं दाखव. — इथे? आणि हे हिरवं दाबलं की? — एवढंच. बरं.

टेप राहू दे गळ्यात. असू दे तशीच. आणि हे बघ, कुणी विचारलं तर मी दुकानासाठी घेतलाय, काज-बटणाच्या कामाला. जा आता तू, ते आजोबा मघापासून चार्जर हातात धरून उभे आहेत, आणि त्यांनी सगळं ऐकलंय.