कप्तान बाल्सेकाला जाळायचं नाही

—तो नाही हो, साहेब, तो सोडून कुठलाही पुतळा उचला! हा मंत्री घ्या — पोट भुशाने गच्च भरलंय, आत फटाकेपण आहेत. आज एकतीस डिसेंबर, बाराच्या ठोक्याला अख्खं ग्वायाकिल शहर आपापल्या जुन्या वर्षाचा पुतळा रस्त्यात जाळणार, आणि तुम्ही अजून रिकाम्या हाताने! — काय? तो निळ्या कोटातला कोण? कोण म्हणजे? कप्तान बाल्सेका! कॉम्प्युटरवरच्या 'सात बंदरं' खेळातला. ओला आहे तो, पेटणार नाही. — बरं, नाहीये ओला. हात लावून बघायची काय गरज होती?

बसा. नार्सिसा, साहेबांना कॉफी दे गं! — आमच्या गल्लीत या खेळाचं मंडळ होतं, अध्यक्ष मी. कंपनीने कबूलच केलं होतं ना, पुढच्या भागात तुमचं ग्वायाकिलचं बंदर घालतो — नदी, केळ्यांची जहाजं, सगळं! मग काय, औषधवाल्या वेलिंग्टनने दुसरा भाग घेतला, तिसरा घेतला, बायकोला शिलाई मशीन आणतो म्हणून गेला आणि चौथा घेऊन आला. फादर एझेकिएल तर खेळायला बसता यावं म्हणून प्रवचन आवरतं घ्यायचे — काय गर्दी व्हायची तेव्हा चर्चमध्ये! आणि कंपनी? येत्या डिसेंबरला, म्हणे, नक्की. मग पुन्हा येत्या डिसेंबरला. वर पहिले तीन भाग बंदच पाडले — कायमचे तुमचे, असं सांगून विकलेले हो! वेलिंग्टन आता भलत्याच कंपनीचा मासेमारीचा खेळ खेळतो. फादर डॉमिनोच्या सोंगट्यांकडे वळले, प्रवचन पुन्हा लांबलं. गेल्या वर्षी सगळे दारात आले — जाळा म्हणाले त्या कप्तानाला! मी म्हटलं, ओला आहे. काय शिव्या घातल्या मला! पण खरं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, रागावतायत म्हणजे अजून आपलेच आहेत. यंदा? यंदा कुणी विचारलंसुद्धा नाही. विसरले हो. मी एकटाच त्याचा कोट दर वर्षी नव्याने रंगवतो — छे, मी नाही खेळत आता. कधीतरी. म्हणजे रोज, पण थोडाच वेळ.

— काय म्हणता? कंपनीतून आलात? तुम्ही? त्याच कंपनीतून? आणि कप्तान तुमच्या ऑफिसच्या दारात उभा करायला हवाय? अहो, मग आधी नाही का सांगायचं! पाकीट खिशात घाला, फुकट न्या. नार्सिसा, दोरी आण, नीट बांधून देऊ! — फक्त एक सांगा, साहेब. आमचं बंदर होणार आहे का? नसेल होणार तर सरळ नाही म्हणा. देवाशपथ, मी रागावणार नाही. तुमचा पुढचा खेळ घेईन, वेलिंग्टनला मानगूट धरून आणीन, फादरांनाही आणीन. एवढं एकदाच खरं बोला.

— काय?

येत्या डिसेंबरला. नक्की?

... नार्सिसा, दोरी राहू दे. रॉकेलचा डबा आण. — असू दे गं, बारा वाजायला वेळ असला तर असू दे. साहेब, ती कॉफी ठेवा खाली आणि निघा तुम्ही. इथे आता धूर होईल.